आलो गं, हात धुतो

२ डिसेंबर

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलं की तू नाक मुरडतेस, म्हणूनच म्हणते. वयाने माझ्यापेक्षा लहान असलीस तरी नवऱ्याची बहीण ती नवऱ्याची बहीण.

हे पत्र बसमध्ये लिहितेय. मांडीवर हत्यारांची पेटी, पेटीवर कागद. अक्षर नाचलं तर दोष रस्त्याचा. डिसेंबर लागला आणि गावाला आपापल्या घरी पियानो असल्याचा साक्षात्कार झाला. अकरा महिने त्याच्यावर कुंड्या ठेवतात, इस्त्रीचे कपडे ठेवतात, आणि आता सगळ्यांना नाताळच्या आत तो माझ्याकडून सुरात लावून हवा. कालच्या एका पियानोच्या पोटात मला पोराचा दुधाचा दात सापडला. घरच्या बाई म्हणाल्या, "अगंबाई, याच्यावरून केवढा दंगा झाला होता!" आणि दात पुसून पदकासारखा कपाटात ठेवला.

तुझ्या भावाची गत माझ्याहून वाईट. पार्सल विभागात सध्या डोंगर उभे आहेत म्हणे. घरी येतो तेव्हा स्वेटरला चिकटपट्ट्या लागलेल्या असतात. परवा झोपेत मला म्हणाला, "इथे सही करा." मी केली. हवेतच.

आमची लेक खार मजेत आहे. समोरचे दोन दात आल्यापासून जे हाताला लागेल ते कुरतडते, तेव्हा आपण ठेवलेलं नाव शोभतंय. शाळेच्या नाताळच्या कार्यक्रमात ती गाणाऱ्या देवदूतांमध्ये आहे. पुठ्ठ्याचे पंख करायचे आहेत, कोण करणार देव जाणे.

बाबा ठीक आहेत. आयुष्यभर भूगोल शिकवलेला माणूस आता नद्यांची नावं विसरतो, कधी माझंही विसरतो आणि मला "बाई" म्हणतो. पण संध्याकाळी खारीने आईंच्या पियानोवर त्यांची ती जेवायला बोलावायची धून वाजवली, की जिथे असतील तिथून हाक येते, "आलो गं, हात धुतो!" आणि टेबलाशी येऊन बसतात. आई जाऊन तीन वर्षं झाली, जेवायला मात्र अजून त्याच बोलावतात.

खिडकीत चांदणी लावली आहे. बसमधून परत येताना गल्लीच्या तोंडापासून ती दिसते, आणि मला दरवेळी वाटतं की घर आधी पोहोचलं आणि मी मागून जातेय.

यंदा बाबांना एक भेट देणार आहे. काय ते आत्ता सांगत नाही.

तुझी,
वहिनी


५ डिसेंबर

वहिनी,

सामानाच्या गाडीतून तुझं पत्र बटाट्यांच्या पोत्यावर बसून वर आलं. वासावरून कळलं.

इथे चार दिवस आम्ही ढगात आहोत. ढगात म्हणजे खरोखर ढगात. दार उघडं राहिलं की ढग स्वयंपाकघरात येतो आणि कुणी "या, बसा" म्हणायची वाट न बघता पसरतो. सकाळी हवामानाचा फुगा सोडायला जाते तेव्हा माझेच पाय मला दिसत नाहीत. फुगा हातातून सुटतो, पांढऱ्यात पांढरा होतो, आणि मग हवामान केंद्रात बसून मी त्याने पाठवलेले आकडे उतरवून घेते. वर किती थंडी आहे, वारा कुठून येतोय. गेलेलं माणूस असं काही कळवत असतं तर बरं झालं असतं, असा विचार रोज येतो आणि रोज मी स्वतःला कामाला लावते.

आईची धून मीही गुणगुणते. फुगा सोडताना. आमचे साहेब माउथ ऑर्गन वाजवतात, त्यामुळे स्वतःला फार मोठे समजतात. धून त्यांनाही ठाऊक आहे. ते म्हणाले, "गाता बरं, पण मध्ये एका ठिकाणी दरवेळी घसरता." मी म्हटलं, साहेब, बर्फ आहे, सगळेच घसरतात.

भेट काय ते सांगायचं नाही, म्हणजे तू मला इथे डोंगरावर टांगून ठेवणार. ठेव. आणि बाबांना डॉक्टरकडे नेलंस का? "ठीक आहेत" हा शब्द तू पियानोबद्दल वापरतेस तेव्हा त्याचा अर्थ "फार दिवस नाही टिकणार" असा असतो, हे मला माहीत आहे.

खारीचा पापा.

तुझी नणंद (घे, म्हटलं)


९ डिसेंबर

प्रिय वन्सं,

डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, ओळखीची माणसं, ओळखीच्या वस्तू, ओळखीची घडी, यात त्यांना ठेवा. हे आपल्यालाही सुचलं असतं, पण त्यांनी ते चष्मा काढून सांगितलं, म्हणून पटलं.

आता मोठी बातमी. आधी कडू सांगते. खारीच्या गाण्याच्या बाईंनी मला शाळेत बोलावलं. खार बेसुरी गाते म्हणे. इतर सगळे सूर नीट, पण एका सुरावर आली की खाली उतरते आणि बाकीच्या देवदूतांनाही ओढून नेते. तिला त्यांनी मागच्या रांगेत उभं केलंय आणि सांगितलंय, "तू नुसते ओठ हलव." खार मला हे अगदी सहज सांगत होती. ओठ हलवायचं काम किती अवघड असतं तेही करून दाखवलं. मी हसले आणि मग भांडी घासताना रडले. गावातले पियानो सुरात लावणारी मी, आणि माझ्याच मुलीला गप्प उभं केलंय!

दोष पियानोचाच, दुसरं काय. आईंच्या त्या पियानोचा मधला एक सूर मी लग्न होऊन आले तेव्हापासून उतरलेला आहे. खुंटी सैल. रोज कानात खडा गेल्यासारखं व्हायचं. दर नाताळला मी आईंना म्हणायचे, "आई, लावू का?" आणि त्या हसून म्हणायच्या, "पुढच्या वर्षी लाव हं." त्या गेल्यावर माझा हात धजला नाही.

तर बाबांची भेट ती हीच. रविवारी खार आणि तिचे बाबा पंखांसाठी पुठ्ठा आणायला गेले आणि मी पियानो उघडला. धूळ काढली, खुंटीला नवं अस्तर घातलं, सगळ्या तारा एकेक करून लावल्या. आता कसा वाजतो म्हणून सांगू! शेवटचा सूर लागला तेव्हा खिडकीतल्या चांदणीचं कागदाचं टोक हललं, खरंच.

संध्याकाळी खारीने धून वाजवली. बाबा खिडकीशी बसून राहिले, उठले नाहीत. दुपारी चालणं जास्त झालं, थकले असतील. मी ताट तिकडेच नेऊन दिलं.

तुझी,
वहिनी


१२ डिसेंबर

वहिनी,

दादाने काल हवामानाच्या फोनवरून कळवलं. इथे त्या फोनवर फक्त वारा आणि दाब बोलायचा असतो, म्हणून साहेब शेजारी घड्याळ बघत उभे होते, आणि मी माझ्या बापाबद्दल ऐकत होते.

संध्याकाळी बाबा कोट घालून एकटे बाहेर पडले. चर्चच्या आवारात पोरं झाड सजवत होती, तिथे फुलवालीला विचारत होते, "आमचं घर कोणत्या बाजूला?" दादाची पार्सलांची गाडी तिथून जात होती म्हणून सापडले. नसती गेली तर?

तू लिहिलंस, थकले असतील. रोज ताट खिडकीशी नेतेस हे दादाने सांगितलं, तू नाही. वहिनी, घरात तू नाहीस, दादा नाही, एक म्हातारा माणूस आणि आठ वर्षांची पोर. तू लोकांच्या घरचे सूर लावत फिरतेस आणि आपल्या घरात काय चाललंय ते तुला ऐकू येत नाही का?

डोंगराच्या पायथ्याशी वृद्धांसाठी एक संस्था आहे. स्वच्छ आहे, नर्स आहेत, आवाराला फाटक आहे. मी तिथे बोलले. नव्या वर्षात एक खोली रिकामी होते आहे. मला दर रविवारी खाली उतरून भेटता येईल. मी त्यांना हो म्हणायच्या बेतात आहे.

तुझ्यावर राग नाही. तू कामाच्या रगाड्यात आहेस, एवढंच.

- मी


१५ डिसेंबर

आज वन्सं म्हणत नाही.

राग नाही असं लिहिलंस, पण तो कागदावर उमटलाय, पलीकडच्या बाजूने बोट फिरवलं तरी लागतो. तू म्हणतेस त्यातलं बरंच खरं आहे, म्हणून जास्त लागलं. मी हातचं राखून लिहिलं. आता काही राखत नाही.

रोज असं होतं. खार पियानोशी बसते, धून वाजवते. बाबा शेवटपर्यंत ऐकतात. मग पाहुण्यासारखे उठतात, तिच्या डोक्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "छान वाजवतेस हं बाळ. आमच्याकडेही आहे एक." आणि मला म्हणतात, "बाई, येतो आम्ही. घरी वाट बघत असेल, जेवायला बोलावेल आता." मग बूट शोधतात. मी बूट लपवते. आपल्या घरात आपल्या सासऱ्याचे बूट लपवायचे आणि त्यांनी विनयाने "कुठे बरं ठेवले?" म्हणत फिरायचं, हे तुला लिहिताना हात जड होतो.

भिंती त्याच, खुर्ची तीच, मी तीच. तरी पंधरवड्यापूर्वी हे त्यांचं घर होतं आणि आज नाही. कुठे बिघडलं, मला सापडत नाही.

त्या दिवशी तुझ्या भावाने गाडीत पुढे बसवून आणलं तेव्हा दारात उतरून बाबांनी विचारलं, "सही कुठे करू?" आम्ही सगळे हसलो, तेही हसले. एवढ्या हसण्यावर मी त्यांना सोडायला तयार नाही.

एवढंच मागते. नाताळपर्यंत हो म्हणू नकोस. शनिवारपासूनची घरगुती कामं मी नाकारली आहेत, फक्त चर्च आणि शाळेचं सभागृह राहिलंय. मी घरी असेन. आणि खरं सांगू, त्यांना फाटकाच्या आत ठेवलं तर ते सुरक्षित राहतील, पण रोज संध्याकाळी घर मात्र शोधतील.

वहिनी


१८ डिसेंबर

वहिनी,

तुझं पत्र वाचून फुगा सोडायला गेले आणि दोरी सोडायचीच विसरले. बराच वेळ दोघं नुसते उभे होतो, मी आणि फुगा.

माझं चुकलं. ते ऐकू येण्याबद्दलचं वाक्य परत घेता आलं असतं तर घेतलं असतं. इथून मला काही करता येत नाही ना, म्हणून जीभ सुटते. खोली त्यांनी नाताळपर्यंत धरून ठेवली आहे. त्यापुढे मला सांगावंच लागेल, वहिनी. पुन्हा एकदा ते बाहेर पडले आणि बर्फ असला, तर?

काल संध्याकाळी मन लागेना म्हणून आईची धून गुणगुणत होते. साहेबांना राहवलं नाही. "अशी नाही हो, ही अशी आहे," म्हणाले आणि माउथ ऑर्गनवर सबंध वाजवून दाखवली. बरोबर असेल. सूर सगळे जागच्या जागी होते. पण काय सांगू, ऐकता ऐकता मला एकदम परकं वाटायला लागलं. दुसऱ्या कुणाच्या घरी जेवायला बसलेय, चमचे त्यांचे, आई त्यांची, आणि आपण उठून घरी जावं, असं. सूप टाकून उठले. साहेब अजून विचारताहेत की मीठ जास्त झालं होतं का.

थकवा असेल. बाबांना माझा नमस्कार सांग. मी कोण ते नाही आठवलं तर राहू दे.

तुझी नणंद


२५ डिसेंबर

प्रिय वन्सं,

हे पत्र शांतपणे वाच. हात धुऊन वाच.

तुझं पत्र परवा चर्चमध्ये मिळालं. तुझा भाऊ जाता जाता देऊन गेला. मी तिथल्या पियानोत कोपरापर्यंत होते. एका हातात तारा पिळायची चावी, दुसऱ्यात कागद. "दुसऱ्या कुणाच्या घरी जेवायला बसलेय" इथे आले आणि चावी खाली ठेवली. वाक्य पुन्हा वाचलं. मग डोक्यात एकेक घर उजळत गेलं. तू त्याच ठिकाणी घसरतेस. खार त्याच ठिकाणी उतरते. बाबा त्या रविवारपासून पाहुणे झाले. रविवारी मी काय केलं होतं?

मी आईंची हाक दुरुस्त करून टाकली होती, वन्सं. त्यांनी धून ऐकली, धून ओळखीची होती, पण बोलावणारी आपली नव्हती. मग माणूस उठून आपल्या घरी जाणार नाही तर काय करणार! डॉक्टरने ओळखीचं तसंच ठेवा म्हटलं, मी मान डोलावली आणि त्याच आठवड्यात घरातली सगळ्यात ओळखीची गोष्ट भेट म्हणून पुसून टाकली.

चर्चचं काम उरकलं आणि घराकडे पळाले. पियानो उघडला, त्या सुराच्या तारांवर चावी लावली, आणि थांबले. कुठवर उतरवायचा? सुरात कसं लावायचं ते माझे हात झोपेत करतील. बेसूर कसं लावायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं. जो सूर इतकी वर्षं मला खुपत होता तो आता काही केल्या आठवेना. थोडा उतरवला, तो नाही. आणखी उतरवला, तोही नाही. घामाघूम झाले, रडकुंडीला आले. आई "पुढच्या वर्षी लाव हं" का म्हणायच्या ते कळलं, पण कुठवर उतरवू ते सांगायला त्या नव्हत्या.

काल संध्याकाळी खार शाळेतून पंख लावूनच आली. मी बाबांपाशी थांबले होते, पण कार्यक्रम छान झाला म्हणे, तिने ओठ इतके सुंदर हलवले की बाईंनी शाबासकी दिली. मी तिला जवळ घेतलं. विचारलं, "बाळा, आजीचं गाणं म्हणशील? मोठ्याने. ओठ हलवून नाही."

"चुकतं ना पण ते माझं."

"तेच हवंय. चुकतं तसंच म्हण."

ती पियानोशी उभी राहिली, एक पंख वाकडा. गायली. त्या सुरावर आली तेव्हा मी म्हटलं, "इथेच थांब, धरून ठेव." तिने श्वास घेऊन घेऊन तो सूर धरला. मी चावी फिरवत होते, केसभर, अर्धा केस. तिचा आवाज आणि तार यांच्यात आधी थरथर होती, मग ती मंद झाली, मग लांब लांब लाटा झाल्या, आणि मग थांबली. एकच सूर उरला. आईंचा. या पोरीने कानात तो जसाच्या तसा जपला होता, वन्सं, आणि आम्ही तिला मागच्या रांगेत उभं केलं होतं. त्या सुराच्या उरलेल्या तारा मी त्याला मिळवून घेतल्या.

बाबा बूट घालून दाराशी बसले होते. मी लपवले नव्हते. खारीने धून वाजवायला घेतली. तो सूर आला, घसरला, गेला. दाराशी काही हललं नाही. मी पाठ करून ताटं मांडत राहिले, बघायची हिंमत नव्हती. तुझ्या भावाच्या हातात ब्रेड तसाच राहिला.

मग बूट काढल्याचा आवाज आला. एक, आणि थोड्या वेळाने दुसरा. आणि हाक आली,

"आलो गं, हात धुतो!"

आले, बसले, रुमाल गळ्याला लावला. खिडकीतली चांदणी बघून म्हणाले, "यंदा लवकर लावलीस." वन्सं, मला उद्देशून म्हणाले. बाई म्हणाले नाहीत. मग खारीचा वाकडा पंख सरळ करून विचारलं, "हा देवदूत आपला का?" मी म्हटलं, "आपला, बाबा." म्हणाले, "मग वाढा त्याला."

उद्या विसरतील, मला माहीत आहे. रोज थोडं थोडं विसरतील. पण संध्याकाळी जेवायला घरीच येतील. खोलीबद्दल काय ते तू ठरव. मी माझं सांगितलं.

शाळा उघडली की बाईंना भेटणार आहे. खार बेसुरी नाही, एवढं सांगून येते.

तुझी,
वहिनी


२९ डिसेंबर

प्रिय वहिनी,

संस्थेला कळवलं, खोली नको. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, वडील घरी पोहोचले.

आज ढग हटला. इतक्या दिवसांनी खाली दऱ्या दिसल्या, गावं दिसली, एवढ्या उंचीवरून ती सगळी कुणीतरी मांडून ठेवलेली दिसतात. फुगा सोडताना धून म्हटली, मोठ्याने. साहेबांनी माउथ ऑर्गन खिशातून काढला. मी म्हटलं, "साहेब, ही अशीच आहे." त्यांनी परत खिशात ठेवला आणि टोपी काढून ऐकली.

पंधरा जानेवारीला रजा मिळाली आहे. मी संध्याकाळी पोहोचेन. स्टेशनवर घ्यायला येऊ नका, दादाला पार्सलांतून ओढू नका. दार नुसतं लोटून ठेवा.

आणि खारीला सांग, मी गल्लीच्या तोंडाशी आले की वाजव. मोठ्याने. मी हात धुऊन येते.

तुझी,
वन्सं